शिसवाचं बटण

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बुलढाण्याला माझा प्रवेशाचा फॉर्म भरायला गावच्या शाळेतले गुरुजी मला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले होते. बाबा त्या दिवशी कोणाच्या तरी वखराला नवी पास, खालचं लोखंडी पातं, बसवत होते. "मले तिथं काय समजते? गुरुजी हायेत ना," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. आज मी त्याच शहरात एका कार्यालयात संगणकावर बसतो. हे सगळं गुरुजींमुळे झालं आणि मी ते कुठेही, कोणासमोरही सांगतो. त्याच गुरुजींनी अकरा वर्षं खपून केलेलं काम माझ्या हातून गेलं, हे मात्र मी सांगत नाही. पहिली गोष्ट सांगताना दुसरी गिळायची मला सवय लागली आहे. ती मोडावी म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही देऊळघाटचे. बाबा सुतार. पूर्वी त्यांच्याकडे गाड्या, वखर, पेरणीच्या तिफनी दुरुस्तीला यायच्या. आता दाराच्या चौकटी आणि खाटा येतात. गुरुजी गावच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक काम मनावर घेतलं. लाकडी अवजारांच्या प्रत्येक भागाचं नाव लिहून काढायचं. गाडीच्या चाकात तुंबा असतो, आरे असतात, वरून लोखंडी धाव चढवतात, जुवात शिवळ घालतात, एवढं अजून पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याखालच्या बारीकसारीक खुंट्या, पाचरी, बुचं, दोऱ्या यांनाही नावं होती. ती फक्त म्हाताऱ्या सुतारांच्या तोंडात उरली होती, आणि ते एकेक करून जात होते. गुरुजी एसटीने गावोगाव फिरले. सुलतानपूरच्या एका म्हाताऱ्या सुताराकडे तर ते सात-आठ वेळा गेले. हिवरा आश्रमाच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर गेले. आमच्या ओट्यावर बसून बाबांनाही त्यांनी कितीदा विचारलं असेल.

सगळं आधी वह्यांत होतं. नंतर त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने ऑफिसात टाकून दिलेला एक लॅपटॉप त्यांना आणून दिला. काळा, जाड, पाटीसारखा जड. आला तेव्हाच तो जुना होता. माझ्या आयुष्यात मी ज्या संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो हाच. टायपिंग मी त्यावरच शिकलो. गुरुजी वही वाचायचे, मी टाइप करायचो. नंतर ते स्वतःच दोन बोटांनी टाइप करू लागले. जी वही टाइप झाली ती ते माळ्यावर टाकायचे, आणि माळ्यावरच्या वह्या एका वर्षात उधईने खाल्ल्या. गुरुजी तेव्हा हसले होते. "खाऊ दे. मशीनमधी हाय सारं."

मशीन मात्र थोडं थोडं मरत होतं. आधी बॅटरी गेली. वायर लावली तरच चालायचं, काढली की बंद. मग सीडीचा कप्पा उघडेना. पेनड्राइव्ह लावायची दोन्ही भोकं ढिली झाली, लावलं तरी काही दिसायचं नाही. त्या मॉडेलचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. स्क्रीनची बिजागरी तुटली तेव्हा गुरुजी तो बाबांकडे घेऊन आले.

बाबांनी स्क्रीन दोनदा मागेपुढे केली. "ह्या बिजागरीले काही अर्थ नाही. एवढं जड दार, अन् तोळाभर लोखंड." त्यांनी सागाचा एक टेकू बनवून दिला, खाचेत बरोबर बसणारा. तो मागे लावला की स्क्रीन उभी राहायची. पुढे 'क'चं बटण निघून हरवलं, तेव्हा त्यांनी शिसवाच्या तुकड्यातून नखाएवढं बटण कोरलं, वरून गुळगुळीत घासलं आणि जागेवर चिकटवलं. अक्षर काही कोरलं नाही, कारण त्यांना अक्षर येत नव्हतं. त्या काळ्या बटणांच्या ओळीत ते एकच तपकिरी दिसायचं.

गुरुजींना साखरेचा आजार होता, आणि त्यात डोळे गेले. पूर्ण अंधार नाही, पण समोरचं अक्षर दिसेना. काम मात्र पुरं झालं होतं. आता ते छापायचं, निदान कागदावर काढायचं, एवढंच राहिलं होतं. आणि ते सगळं त्या एका मशीनमध्येच होतं. त्याची प्रत काढून ठेवतो असं मी दोन वर्षं म्हणत होतो. दिवाळीत करतो, उन्हाळ्यात करतो. त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकदाचा मी तो लॅपटॉप घरी आणला. आतली हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची एक वायर मी ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे मागून ठेवली होती. सुट्टी संपली की वायर आणायची आणि सगळं उतरवून घ्यायचं, असं ठरलं होतं. मधे फक्त दसरा होता.

दसऱ्याला आमच्या अंगणात पोतं अंथरून त्यावर बाबांची अवजारं ओळीने मांडतात. लाकूड तासायचा वासला, करवत, पटाश्या, गिरमिट, रंधा. शेवटी आईचा इळा. हळदकुंकू, झेंडूचं फूल. इतरांच्या घरी फुलाने पाणी शिंपडतात. आमच्याकडे बाबा वासल्याच्या पाठीने नारळ फोडतात आणि करवंटी हातात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नारळाच्या पाण्याची धार सोडत जातात. त्यांच्या बापाचाही हाच रिवाज होता. नंतर फडक्याने पुसून तेलाचा हात दिला की लोखंडाला काही होत नाही.

त्या दिवशी ओळ मांडून झाल्यावर बाबांनी मला हाक मारली.

"गुरुजीचं मशीन आण बे."

"कायले?"

"कायले म्हंजे? त्याचं बटण म्या बनोलं, टेकू म्या बनोला. अर्धं अवजार तं माह्यंच हाय."

आई हसली. "मंग उद्यापासून याच्या हापिसातही तुमीच जात जा."

"बाबा, त्याले पाणी चालत नाही," मी म्हणालो.

"इतका शिकला, अन् दोन थेंबाले भेतो काऊन?"

मी नाही म्हणू शकलो असतो. खरं तर दोन शब्दांचं काम होतं. पण माझ्या शिक्षणाबद्दल बाबा कधी काही बोललेले नाहीत, बरं नाही की वाईट नाही. पदवीचा कागद आणला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटा धरला, मग आईकडे दिला आणि हात धुवायला गेले. संगणकाचं काम हे काम आहे की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधी कळलं नव्हतं. आणि आता ते त्याला वासल्याच्या ओळीत जागा देत होते. मी आत जाऊन लॅपटॉप आणला.

"झाकण उघड. बटणाले कुंकू लावाचं हाय."

मी झाकण उघडून टेकू लावला. बाबांनी शिसवाच्या बटणावर बोटाने कुंकू लावलं, हात जोडले आणि नारळ फोडला. धार वासल्यावरून, करवतीवरून, रंध्यावरून आली. मला वाटलं होतं इथे ते हात वर घेतील. पण वर्षानुवर्षांचा हात होता तो, थांबला नाही. धार बटणांवरून तशीच गेली, आणि पुढे आईच्या इळ्यावर.

मी धावत जाऊन टॉवेल आणला. पुसलं, उलटं करून झटकलं. बाबा म्हणाले, "झालं ना बे, पुसलं की झालं." मला धीर निघेना. काही बिघडलं तर नाही, हे बघायला मी आत गेलो, विजेची वायर लावली आणि चालू करायचं बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. मी सुटकेचा श्वास सोडला असेन नसेन, इतक्यात जळका वास आला. आतून टिक, टिक, टिक असा आवाज येऊ लागला. मग स्क्रीन काळी झाली.

बाहेरून बाबांनी विचारलं, "चालू हाय ना?"

"हाव," मी म्हणालो.

सुट्टी संपल्यावर मी बुलढाण्यात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. बसस्टँडच्या मागच्या रांगेत त्याचं लहानसं दुकान आहे. त्याने मागचे स्क्रू काढले, भिंगातून पाहिलं आणि आतला चिकट, पांढुरका थर बोटाने दाखवला.

"काय सांडलं भाऊ? चहा तं नाही हा."

"नारळाचं पाणी."

त्याने मान वर केली. "दसऱ्याले पूजला का?"

"हाव."

"दरसाल एखादा येतेच. मागच्या साली एकानं कुंकवानं स्वस्तिकच काढलं होतं, थेट स्क्रीनवर." तो हसला, मग पुन्हा खाली पाहू लागला. "बॅटरी तं मरेल हाय याची. मंग करंट कुठून आला? तुमी वायर लावून चालू केला काय, ओला असताना?"

"हाव."

"किती वेळानं?"

"लगेच."

"मंग पूजेनं नाही मेला हा. दोन-चार दिवस तसाच सुकू दिला असता, मी धुऊन देल्लं असतं, तं डिस्क वाचली असती. बॅटरी मरेल होती म्हणून तं आत करंट नोता. तो तुमी देल्ला."

त्याने हे रागाने म्हटलं नाही. रोज दहा जणांना सांगतो तसं सांगितलं. मी संगणकावर पोट भरणारा माणूस. ओल्या मशीनला वीज द्यायची नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

हार्डडिस्कच्या खाली हिरवी पट्टी असते, ती जळली होती. आतल्या चकत्या कदाचित शाबूत असतील, असं तो म्हणाला. तशीच दुसरी डिस्क मिळाली तर तिची पट्टी काढून हिला लावता येईल. पण मॉडेल तेच पाहिजे, लेबलावरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. "इतकी जुनी आता दुकानात नाही भेटत. भंगारात पाहा."

गुरुजींना मी सांगितलं की लॅपटॉप बंद पडला.

"कशानं?" त्यांनी विचारलं.

"जुना झाला होता, गुरुजी."

"माह्यासारखाच," ते म्हणाले. "पण निघन ना आतलं?"

"निघन."

डिस्कचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला. रविवार आला की मी भंगारवाल्यांकडे जायचो. चिखली, मलकापूर, खामगाव, एकदा अकोल्यालाही. कुठे पोत्यांत, कुठे उघड्यावर, मेलेले लॅपटॉप विटांसारखे रचलेले असतात. एकाची स्क्रीन गेलेली, एकाची बटणं उपटलेली, एकाच्या आत मुंग्यांनी घर केलेलं. मी एकेक उघडून लेबल वाचायचो. कंपनी तीच, नंबर वेगळा. नंबर तोच, पण डिस्क आधीच कोणी काढून नेलेली. दर रविवारी संध्याकाळी मी गुरुजींच्या घरी जाऊन सांगायचो की शोध चालू आहे, आणि ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "कायतरीच हाय पाहा. गाडीचा आख मोडला तं तुह्या बापानं बाभळीचा नवा घातला, झालं. ह्याचा एक भाग मोडला तं अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही." मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांना ते दिसत नव्हतं, याचा मी फायदा घेत होतो.

होळीच्या सुमारास खामगावला, बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासचा माल एका भंगारवाल्याकडे आला होता. त्यात तेच मॉडेल निघालं. नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. परतीच्या एसटीत मी ती डिस्क रुमालात गुंडाळून छातीशी धरून बसलो होतो.

दुरुस्तीवाल्याने पट्टी बदलली. डिस्क फिरू लागली. दुसऱ्या संगणकावर फोल्डर दिसले: गाडी, चाक, नांगर, तिफन, वखर, डवरं, मोट. मी हात जोडले. त्याने एकेक उतरवायला घेतलं. गाडी उतरली. चाक उतरलं. नांगर उतरला. तिफन अर्धी झाली असेल, तेव्हा पुन्हा तो आवाज आला. टिक, टिक, टिक. त्याने बंद करून पाहिलं, पट्टी पुन्हा बसवून पाहिली. दोन तासांनी त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"चकत्या वाचते ते आतलं डोकं गेलं, भाऊ. आता याच्यात कोणताच भाग बदलून फायदा नाही."

जे निघालं ते मी कागदावर छापून घेतलं. अर्ध्या तिफनीचं काहीच उघडलं नाही. लॅपटॉप गुरुजींच्या घरी परत नेऊन ठेवला आणि त्यांना सांगितलं, "सगळं निघालं." हे खोटं मी का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मी कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाळला, जाडी मोजली, आणि काकूंना, त्यांच्या पत्नीला, हाक मारली, "चहा ठेव, पुस्तक आलं." एवढंच कारण आहे. दुसरं सापडलं नाही.

मग दर रविवारी मी त्यांच्या ओसरीवर बसून वाचायचो. गाडी, चाक, नांगर. ते मधेच थांबवून एखादा शब्द दुरुस्त करायचे, कोणी सांगितला होता त्या माणसाचं गाव आठवून सांगायचे. नांगर संपत आला, आणि पुढे तिफन होती. मी बाबांना विचारून तिफनीच्या भागांची नावं लिहून घेतली. बाबांना वाटलं गुरुजींच्या पुस्तकासाठीच काही राहिलं असेल. त्यांनी कामावर रंधा फिरवता फिरवता फण, नळ, बी टाकायचं चाडं असं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. त्यातून मी गुरुजींच्या भाषेत दोन पानं तयार केली.

त्या रविवारी मी वाचायला सुरुवात केली. चार-पाच ओळी झाल्या असतील. गुरुजींनी हात वर केला.

"हे मी लिवलेलं नाही."

मी हातातली पानं सरळ केली.

"तिफनीची सुरुवात मी चाड्यापासून केली होती. त्याच्या बुडाशी एक बूच असते, बी थांबवाचं. सुलतानपूरच्या म्हाताऱ्यानं त्याचं नाव सांगतलं होतं. दुसऱ्या कोणालेच ठाऊक नोतं, तुह्या बापालेही नाही. ते पहिल्या ओळीत होतं. ते वाच."

"गुरुजी, ते..."

"पान हाय का तुह्या हातात?"

मग मी सगळं सांगितलं. पोतं, शिसवाच्या बटणावरचं कुंकू, नारळाची धार, मी लावलेली वायर. वखर, डवरं, मोट यातलं काहीच निघालं नाही हेही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही सांगा ते नाव. मी लिहून घेतो. सगळं सांगा, मी रोज येतो."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत होते. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते तसेच होते.

"नाही आठवत," ते शेवटी म्हणाले. "लिवून ठेवलं म्हणून मी विसरलो. मशीनमधी हाय म्हणून."

सुलतानपूरचा म्हातारा कधीच वारला होता.

मी निघताना त्यांनी विचारलं, "बापाले सांगतलं?"

"नाही."

"सांगू नको. त्यानं हात जोडून केलं ते."

माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा आम्ही पावसापाण्याचं बोललो. वाचायचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. त्यानंतरचे सगळे रविवार तसेच गेले. पोळ्याच्या आठ दिवस आधी गुरुजी गेले.

दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावून लॅपटॉप हातात दिला. "तुह्या बापाचं लाकूड हाय त्याच्यात. घेऊन जाय." त्यांच्या बोलण्यात राग होता की नाही, मला सांगता येत नाही. छापलेली पानं त्यांनी स्वतःकडे ठेवली.

दसरा आला. बाबांनी अंगणात पोतं अंथरलं, ओळ मांडली. रंधा आणि इळा यांच्यामध्ये त्यांनी हातभर जागा सोडली होती.

"गुरुजीचं मशीन आण बे."

"बाबा, ते बंद हाय आता."

"म्हाईत हाय. जुनं झालं होतं. पण अवजार हाय ना ते? वापरणारा गेला म्हणून अवजार पूजेतून काढतेत काय?"

मी लॅपटॉप आणून ठेवला, झाकण उघडलं, सागाचा टेकू लावला. बाबांनी शिसवाच्या बटणावर कुंकू लावलं. बटण अजून घट्ट होतं, त्या मशीनमधला तेवढाच भाग धड होता. त्यांनी हात जोडले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग नारळ फोडला.

धार वासल्यावरून आली, करवतीवरून, रंध्यावरून. लॅपटॉपपाशी त्यांनी हात थांबवला आणि करवंटी आणखी तिरकी केली.

"थोडं जास्तच टाकतो औंदा," ते म्हणाले. "गुरुजीच्या नावानं."

पाणी बटणांच्या फटींतून आत गेलं आणि खालून पोत्यावर झिरपलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या वर्षीसारखा मी धावतो की काय म्हणून.

टॉवेल दोरीवरच होता. मी उठलो नाही.